बाबांच्या घरावर माझं नाव

बीरगांव, रायपूर
५ ऑक्टोबर २०२३

दादा,

वाकून नमस्कार. वाकताना कंबर धरली, पण नमस्कार पोचला असं समज. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे साऱ्या पाऱ्याला, अख्ख्या मोहल्ल्याला ऐकवायचं. मी इकडे घसा फाडते आणि तू तिकडे नुसता हॅलो हॅलो करत बसतोस. रेल्वेच्या शेडने तुझे कान खाल्ले ते खाल्ले, आता आपलं पत्रच बरं.

बातमी मोठी आहे, बसून वाच. आपलं आवास मंजूर झालं! इकडे घरकुलाला सगळे आवासच म्हणतात. पैसा दिल्लीहून निघतो, थोडा राज्याचा मिळतो, आणि टप्प्याटप्प्याने येतो. पाया झाला की एक किस्त, भिंती उठल्या की दुसरी, छत पडलं की उरलेली. आणि घर बाईच्या नावावर! यांच्या माघारी जागेचा पट्टा माझ्या नावावर झाला होता, तो असा कामी आला. दादा, आजवर मी बाबांची पोरगी, मग यांची बायको, मग सुशीलची आई. आता दारावर पाटी लावणार आहे, ‘कुसुम ढोमणे’. सुशील म्हणतो, “मेरा नाम भी छोटे में लिखवा देना.” मी म्हटलं, पाहू, वागणूक कशी राहते त्याच्यावर.

एक कागद लिहून द्यावा लागला, की माझ्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नाही. मी त्या साहेबांना म्हटलं, “साहेब, कच्चंच कसंबसं उभं हाय, पक्कं कुठून आनू?” सगळं ऑफिस हसलं.

आता जुनं घर पाडायचं, कारण नवं त्याच जागेवर उठणार. सर्वेवाले भैया येऊन मोबाइलवर फोटो काढून गेले, जुन्या घरासमोर मी उभी. नऊवारी नाही पण लग्नातली ठेवणीतली साडी नेसले होते. ते म्हणतात, “अम्मा, हँसना मत, सरकारी फोटो है.” मला कुठलं थांबतंय हसू. छपरावरचे कवेलू मी स्वतः उतरवून रचून ठेवले. आमची देवश्री विचारत होती, छत होईपर्यंत राहायचं कुठे. मी म्हटलं, “प्लॅस्टिकची पन्नी टाकून राहू, काहून घाबरून राहिली?” सून गुणाची आहे, पण जीव पाखराचा.

वास्तुशांतीला तू यायचंस. गुडघ्याचं कारण चालणार नाही.

तुझी
कुसुम

•

बडनेरा
८ नोव्हेंबर २०२३

कुसुम,

आशीर्वाद, आणि अभिनंदन. पाटी लाव, पण अक्षरं रंगाऱ्याकडून काढून घे, तुझं अक्षर पाहून पोस्टमन परत जाईल.

भाऊबीजेला येत नाही. गुडघ्याचं कारण चालणार नाही म्हणालीस, पण गुडघाच चालत नाही त्याला मी काय करू? ओवाळणी मात्र रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे. आतला दुसरा लिफाफा भाऊबीजेलाच उघड. आधी उघडलास तर मला कळेल, कसं ते विचारू नको.

उघडलास? हा कागद त्याच आतल्या लिफाफ्यातला, आता सांगतो. बाबा गेले तेव्हा घराच्या कागदावर माझं एकट्याचं नाव चढलं. तेव्हा तसंच चालायचं, तूही काही म्हटलं नाहीस. तुझी वहिनी जायच्या आधी मला म्हणाली होती, “कुसुमताईचं नाव लावा हो, पोरीले माहेर कागदावर बी असू द्या.” तिच्या तेराव्याला तू आलीस तेव्हा तुझ्या आधार कार्डाची झेरॉक्स माझ्याकडे राहिली होती. तीच घेऊन पावसाळाभर खेपा मारल्या. हा नवा उतारा. मालकांच्या रकान्यात दोन नावं आहेत. खालचं वाच.

साडी दर वर्षी देतो, ती तू देवश्रीला देऊन टाकतेस. हे देऊन टाकता येणार नाही. आणि तुझ्या त्या हसणाऱ्या साहेबांना सांग, बाईचं घर कच्चं असेल, पण माहेर पक्कं आहे. विटांचं आहे, वर स्लॅब आहे, आणि आत एक बहिरा म्हातारा आहे.

शालिग्राम

•

बीरगांव
१६ नोव्हेंबर २०२३

दादा, माझ्या दादा,

काल चंद्राला ओवाळलं, तुझ्या फोटोला ओवाळलं, आणि मग लिफाफा उघडला. आधी वाटलं, तू चुकून घरपट्टी पाठवलीस. देवश्रीने वाचून दाखवलं तेव्हा कळलं. किती रडले म्हणून सांगू! सुशील घाबरला, त्याला वाटलं तुझं काही बरंवाईट झालं.

बाबांनी घर बांधलं तेव्हा मी फ्रॉकात होते. विटा भिजवायचं काम माझं होतं, आठवतं? तू नुसता मुकादमासारखा फिरायचास. त्या घरावर माझं नाव! मला त्यातली एक वीटही नको, दादा. पण नाव पाहून काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. वहिनीने हे बोलून ठेवलं होतं, हे वाचून तर जीव भरून आला.

सकाळीच सुशीलला पेढे आणायला पाठवलं. सगळ्या पाऱ्यात वाटले. शेजारच्या रुचिताच्या सासूला उतारा दाखवला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या भावांनी तिला शेताच्या बांधावरही उभं केलं नव्हतं. म्हणाली, “दीदी, ऐसा भाई तो किताब में भी नहीं मिलता.” मी म्हटलं, बडनेऱ्याला मिळतो.

इकडे पाया झाला, एक किस्त आली, भिंती खिडकीच्या चौकटीपर्यंत चढल्या आहेत. आम्ही त्या भिंतींच्या आतच पन्नी टाकून राहतो. उद्या सर्वेवाले भैया पुढचा फोटो काढायला येणार आहेत. त्यांच्यासाठी दोन पेढे झाकून ठेवलेत. त्यांनाही दाखवीन उतारा, तुझा निरोप सांगीन, माहेर पक्कं आहे म्हणून.

आज माझ्यासारखी श्रीमंत बाई रायपुरात नाही.

तुझी
कुसुम

•

बीरगांव
१० जानेवारी २०२४

दादा,

नमस्कार. तुझी दोन कार्डं आली. उत्तराला उशीर झाला, कामाच्या गडबडीत राहून गेलं.

घराचं छान चाललं आहे. भिंती झाल्या. खिडक्यांना निळा रंग द्यायचा विचार आहे. शेजारच्या उरला भागातल्या कारखान्यांची काळी धूळ येते ना, पांढरा टिकत नाही. पंडरीच्या बाजारातून पडद्याचं कापड आणलं, देवश्री तिथल्याच दुकानात कामाला आहे म्हणून चांगलं मिळालं. छत थोडं लांबलं आहे. मिस्त्री लोकांचं तुला माहीतच आहे.

सर्वेवाल्या भैयांनी पेढा खाल्ला का, असं तू दोन्ही कार्डांत विचारलंस. खाल्ला.

थंडीत कानटोपी घालत जा. सगळे मजेत आहेत.

कुसुम

•

बडनेरा
१८ मार्च २०२४

कुसुम,

आशीर्वाद. एवढं कोरडं पत्र तू जन्मात लिहिलं नव्हतंस. घर बांधताना माणूस चिडचिडा होतो, बाबाही झाले होते, म्हणून रागावत नाही.

मी अक्षय तृतीयेला येतो आहे. डॉक्टरने गुडघ्याला पट्टा दिला आहे, त्यात मी घोड्यासारखा दिसतो, पण चालतो. छताचा पंखा घेऊन ठेवला आहे. देवश्रीला सांग, हुक लावायला मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेव, स्लॅब पडल्यावर फोडाफोड नको. वास्तुशांत त्याच दिवशी करू. ब्राह्मण तिकडे मिळत नसेल तर इथून रामकृष्ण गुरुजींना घेऊन येतो, त्यांनाही रायपूर पाहायचं आहे.

खरं सांगू? तुझी वहिनी गेल्यापासून मी कुठे गेलेलो नाही. तुझ्या घरात चार दिवस राहीन म्हणतो.

शालिग्राम

•

बीरगांव
२ एप्रिल २०२४

दादा,

नमस्कार. अक्षय तृतीयेला येऊ नको. उन्हाळा भयंकर आहे, तुला सोसणार नाही. छत व्हायचं आहे. झालं की कळवीनच.

एक मागणं आहे. बाबांच्या घरावरचं माझं नाव काढून घे. काय सही लागेल ती द्यायला मी येऊन जाईन. कारण विचारू नको. दोन दोन घरांचा घोर या वयात नको वाटतो, एवढंच समज. तुझ्यावर माझा राग नाही, कधी नव्हता.

हे लवकर झालं तर बरं.

कुसुम

•

बडनेरा
११ एप्रिल २०२४

श्रीमती कुसुम ढोमणे यांस,

पत्र मिळालं.

तुझं पक्कं घर होत आलं, तेव्हा बापाच्या जुन्या घराचा घोर वाटणं साहजिक आहे. पेढे वाटले तेव्हा वाटला नव्हता.

तुझी वहिनी गेल्यावर या घरात मी भिंतींशी बोलतो. तुझं नाव लागलं त्या दिवशी वाटलं, घरात दुसरं माणूस आलं. संध्याकाळी दिवा लावताना उतारा काढून पाहायचो. हसशील, हस.

ते नाव मी माझ्या हाताने लावलं आहे. मी जिवंत असेपर्यंत ते निघणार नाही. माझ्या मागे काय करायचं ते कर. पंखा दुकानदाराला परत केला.

शालिग्राम

•

बीरगांव
२० मे २०२४

आदरणीय मामाजी,

प्रणाम. मी देवश्री, सुशीलची पत्नी. घरात मराठी-हिंदी मिसळून बोलतो पण मराठी लिहायची सवय नाही, शाळा सगळी हिंदीत झाली. चुका माफ करा. आईंनी आम्हा दोघांना देवाची शपथ घातली होती की तुम्हाला काही कळवायचं नाही. मी शपथ तोडते आहे. पाप लागलं तर मला लागू द्या.

घराला छत नाही. भिंती आईंनी भाऊबीजेच्या पत्रात लिहिल्या तेवढ्याच आहेत, खिडकीपर्यंत. नोव्हेंबरपासून एक वीट चढलेली नाही.

भाऊबीजेनंतर सर्वेवाले भैया आले. आईंनी त्यांना पेढा दिला, उतारा दाखवला, तुमचा निरोप सांगितला. गल्लीतले सगळे उभे होते. भैयांनी पेढा हातातच धरून ठेवला. मग हळूच म्हणाले, “अम्मा, ये बात मुझे क्यों बता दी?” आईंना समजलंच नाही. भैयांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की अर्जदाराच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर निघालं तर किस्त थांबते. केंद्राचा पैसा आहे, नियम तिथूनच येतो. ते माणूस चांगले होते, कदाचित गप्प राहिले असते. पण पाऱ्यात सगळ्यांना माहीत झालं होतं, आणि कोणीतरी तक्रार केली. कोणी ते आम्ही शोधलं नाही.

ऑफिसात बोलावलं तेव्हा आई स्वतः उतारा घेऊन गेल्या, प्लॅस्टिकमध्ये घालून. साहेबांना म्हणाल्या, “साहेब, ते माहं घर नोहे, ते माहेर हाय. भावानं भाऊबीजेची ओवाळणी देल्ली.” साहेब वाईट नव्हते. म्हणाले, “माताजी, कागज में मायके का कॉलम नहीं है. मालिक का है, और उसमें आपका नाम है.” आणि केस रद्द झाली. मी सोबत होते. परत येताना आईंनी ऑटोत उतारा पुन्हा प्लॅस्टिकमध्ये घातला. शंकर नगरला ज्यांच्याकडे त्या स्वयंपाक करतात तिथे उतरल्या आणि रोजच्यासारखा स्वयंपाक केला.

पडद्याचं कापड मात्र खरं आहे. ते पन्नीच्या आडोशाला दार म्हणून लावलं आहे. आई रोज सकाळी भिंतींवर पाणी मारतात. काम बंद आहे, भिंती कधीच पक्क्या झाल्या, मी सांगितलं तरी ऐकत नाहीत. म्हणतात, सुकू नये.

साहेबांनी एकदा म्हटलं होतं की तिकडून नाव निघालं तर ते वर लिहून पाहतील. म्हणून आईंनी तुम्हाला ते मागितलं. तुमचं उत्तर आलं ते त्यांनी आम्हाला वाचू दिलं नाही, उशीखाली ठेवलं. मी शनिवारी वाचलं, कारण शनिवारी आईंना उन्हाची लू लागली. पन्नीच्या आत भट्टी असते. बेशुद्धीत त्या “दादाले सांगू नका, दादाले सांगू नका” एवढंच बोलत होत्या. आता बऱ्या आहेत, उठून बसतात.

आणखी एक. सुशील आईंशी बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, पेढे वाटायची काय गरज होती. जेवायला वाढलं की ताट घेऊन बाहेर जातात.

मामाजी, तुम्ही रागावला आहात तो राग काढून टाका. एवढंच मागते.

तुमची
देवश्री

•

बडनेरा
२७ मे २०२४

कुसुम, बाळ,

देवश्रीला एक शब्द बोलू नको. बोललीस तर माझ्याशी गाठ आहे.

मी तुझं घर पाडलं. तू कवेलू उतरवून रचलेस आणि मी वरून घाव घातला, तोही रजिस्टर पोस्टाने. तू लिहिलं होतंस मला, देशात कुठेही पक्कं घर नको म्हणून. ते मी वाचलं, हसलो, आणि माहेर पक्कं असल्याची बढाई मारली. एवढी वर्षं रेल्वेत नियमांची पुस्तकं पाठ केली, आणि हा एक नियम माझ्या डोक्यात शिरला नाही. शिरणार कसा? बहिणीचं माहेर तिच्या आड येईल असं कोणत्या भावाच्या मनात येतं?

आणि वर तुला ते पत्र लिहिलं. श्रीमती म्हणून. ते पत्र चुलीत घाल.

इथे चौकशी केली. हक्कसोडपत्र करावं लागेल, त्याला तू स्वतः साहेबासमोर उभी राहून सही करायला हवी. उठून चालता यायला लागलीस की ये. देवश्रीला सोबत आण. तिकिटं काढून पाठवतो. सुशीलला सांग, मामाने हात जोडले आहेत. बोलायचं नसेल तर माझ्याशी बोलू नको म्हणावं, आईशी बोल.

दादा

•

बडनेरा
४ ऑगस्ट २०२४

कुसुम,

आशीर्वाद. सहीसाठी येऊन तू गेलीस आणि घर पुन्हा गप्प झालं. मागच्या अंगणात तू लावलेला पुदिना धरला आहे, एवढी एक बातमी.

तुझ्या ऑफिसात काय झालं ते लगेच कळव. हक्कसोडपत्राची नक्कल, नवा उतारा, सगळं त्यांनी घेतलं का? साहेबांनी वर लिहिलं का? मी रोज पोस्टमनची वाट पाहतो, तो आता मला पाहून रस्ता बदलतो.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी इथल्या रजिस्ट्रीच्या ऑफिसात सहीच्या वेळी तो साहेब तुला काय विचारत होता? बराच वेळ बोलत होता, दोनदा माझ्याकडे बोट केलं. मागच्या बाकावरचे लोक वळून माझ्याकडे पाहत होते. मला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी आपला हसलो आणि हात जोडले. तू डोळ्यांना पदर लावलास. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणालीस, वय विचारलं. कुसुम, वय विचारताना कोणी दुसऱ्याकडे बोट करत नाही. आणि वय सांगताना कोणी रडत नाही.

मला सांग. आपल्यात आता लपवालपवी नको, तिने फार नुकसान झालं.

दादा

•

बीरगांव
१ सप्टेंबर २०२४

दादा,

नमस्कार. लपवायचं नाही म्हणालास, तर ऐक. आधी ऑफिसचं सांगते.

आम्ही सगळे कागद नेले. साहेबांनी घेतले, वरही लिहिलं, खोटं का बोलू. उत्तर आलं, की केस रद्द झाली तेव्हा नाव कागदावर होतं, म्हणून रद्द ती रद्दच. माझ्या वाट्याची मंजुरी परत गेली. दिल्लीहून आता नवी योजना येते आहे म्हणे, त्यात अर्ज टाका. पण त्यांनीच मला आवाज खाली करून सांगितलं, “माताजी, पुराना केस दिखेगा उसमें. उम्मीद कम रखना.” मी ‘हव, ठीक’ म्हटलं आणि त्यांना नमस्कार करून आले. त्या माणसाला किती वेळा नाही म्हणावं लागलं असेल माझ्यासारख्यांना.

भाड्याने एक खोली घेतली आहे, गल्लीच्या टोकाला. सुशीलनेच पाहिली. तो बोलतो आता, थोडं. परवा म्हणाला, “आई, खाना खा लो.” एवढंच म्हणाला, पण मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. भिंतींवर पाणी मारायचं मी सोडलं. पावसाने त्यांच्यावर शेवाळ आलं आहे, आतमध्ये गवत उगवलं आहे, गल्लीतल्या बकऱ्या येऊन चरतात. तिकडून जाताना मी दुसऱ्या बाजूने जाते.

आता तुझं दुसरं.

त्या साहेबांनी वय विचारलं नव्हतं. ते म्हणाले, “बाई, हे भाऊ लोक असेच राहतात. बहिणीले गोड गोड बोलतात अन् सह्या घेऊन टाकतात. मी रोज पाहून राहिलो. ह्या माणसानं तुमच्यावर दबाव टाकला का? बापाच्या घरावर तुमचा बी हक्क हाय. एक शब्द बोला, मी इथंच थांबवतो.” मग तुझ्याकडे बोट करून म्हणाले, “पाहा, कसा हसून राहिला.”

मागचे लोक तुझ्याकडे पाहत होते ते म्हणून. एक बाई तर हळूच तोंड वाकडं करून म्हणाली, “म्हाताऱ्याचे पाय लटकले मसनात, तरी हाव सुटत नाही.” आणि तू, दादा, तू गुडघ्याला पट्टा बांधून उभा होतास आणि सगळ्यांना हात जोडत होतास.

मला ओरडून सांगायचं होतं. ह्याच भावानं नाव लावलं होतं म्हणून. पावसाळाभर खेपा मारून लावलं होतं, आणि माझ्यासाठीच आता काढतो आहे. सगळं जिभेवर आलं होतं. पण वाटलं, मी सगळी कहाणी सांगत बसले आणि साहेब म्हणाले की असं घरकुलासाठी नाव काढता येत नाही, तर? इकडे पेढा देऊन सगळं बोलले होते, ते काय झालं ते पाहिलं होतं. म्हणून या वेळी तोंड शिवून घेतलं. म्हटलं, “नाही साहेब. मी माह्या राजीखुशीनं सोडून राहिली.” साहेबांनी लिहून घेतलं आणि तुझ्याकडे पाहून मान हलवली, जशी आपण चोरासाठी हलवतो.

त्या कागदात तसंच छापलं आहे, की कुसुम ढोमणे हिने कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने हक्क सोडला. तेवढं वाक्य खोटं आहे. बाबांच्या घरावरचं नाव मी खुशीने सोडलं नाही. सही करताना माझं पेन थांबलं, तेव्हा तू माझा हात धरलास, आणि लोकांना वाटलं भाऊ बळजबरीने सही करून घेतो आहे.

खोलीभर माणसांनी तुला बहिणीचं खाणारा समजलं आणि मी गप्प राहिले. घरासाठी गप्प राहिले, दादा, आणि घरही आलं नाही.

तुझी
कुसुम